पुलावर कुणी हलेना

संपत दाभाडेच्या दुकानात शिरलेला माणूस आपण होऊन स्टुलावर बसतो, पाठ ताठ करतो, हनुवटी बोटभर खाली घेतो आणि श्वास धरतो. सातकमानमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. फोटो आधार कार्डाचा असो, लग्नाचा असो, नाहीतर निराधार पगारीच्या अर्जाला लावायचा असो, संपतच्या कॅमेऱ्यासमोर माणूस दगड होतो. बाहेरगावची नवी सून पहिल्यांदा फोटोला उभी राहिली आणि जरा हसली, तर सासूच तिला चिमटा काढते, "हसू नको. संपत वरडंल."

ही शिस्त संपतनंच लावलेली. एकतीस वर्षांपूर्वी त्यानं दुकान टाकलं तेव्हा त्याच्याकडं जालन्याहून आणलेला एक जुना कॅमेरा होता. फ्लॅश कधी लागायचा, कधी नाही. खोलीत दोन बल्ब, त्यांचा उजेड चहात बुडवून काढल्यासारखा. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागायचं, आणि तेवढ्यात माणूस हलला की तोंडाचं पीठ व्हायचं. रीळ धुवायला परतूरला न्यायचं, आठ दिवसांनी फोटो यायचे, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "ह्यो मी न्हाईच." म्हणून संपत ओरडायचा. "हलू नका! ए, हलू नका म्हणलं ना! श्वास धरा!" आणि मोठ्यानं मोजायचा, एक... दोन... तीन... पुढं कॅमेरे बदलले, रीळ गेलं, मोबाईल आले. संपतचं ओरडणं गेलं नाही. ज्या पोरांवर तो तेव्हा ओरडला ती आता आपल्या पोरांना घेऊन येतात आणि बापलेक दोघंही श्वास धरतात. गावात बोललं जातं, संपत मोजायला लागला की शेळीसुद्धा रवंथ थांबवती.

संपत उंचीनं बेताचा. वाकून वाकून खांदे पुढं आलेले, डावा डोळा मिटून मिटून त्या बाजूला सुरकुत्या जास्त. स्वभाव कडू. पण त्या कडूपणाला एक कारण होतं, आणि ते त्याची बायको कौसल्या सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. सातकमानमध्ये असं घर नाही ज्याच्या भिंतीवर संपतनं काढलेला फोटो नाही. लग्नाचे जोडे, वारलेली म्हातारी माणसं, पहिला ट्रॅक्टर आणि त्याच्या चाकावर हात ठेवून उभा मालक, सगळे त्याचेच. प्रत्येक फोटोच्या पाठीवर तो शिक्का मारायचा, 'दाभाडे फोटो, सातकमान'. पण फोटो भिंतीला टांगला की शिक्का भिंतीकडं. एकतीस वर्षं त्याचं नाव गावभर भिंतीकडं तोंड करून उभं होतं.

एकदा तो कौसल्येला म्हणाला होता, "गवंड्याचं नाव बी पायरीवर कोरत्यात."

"मंग तुमी बी पायरी बांधा," कौसल्या म्हणाली होती, आणि भाकरी उलटली होती.

यंदा पोळ्याला त्यांची लेक सुमेधा गावी आली. ती नवीन जालना भागात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. येताना तिनं कंपनीचं चालू वर्षाचं कॅलेंडर आणलं होतं. जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यात, दुकानादुकानात ही कॅलेंडरं जातात. दूध किती घेतलं, गाय कधी फळली, सगळं त्याच्यावरच लिहिलं जातं.

"पप्पा, हे बघा," सुमेधा म्हणाली. एका पानावरच्या डोंगराच्या फोटोखाली, पार कोपऱ्यात, तिनं नख टेकवलं. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. संपतनं चष्मा वर-खाली केला, मग दुकानातलं भिंग आणलं. 'छायाचित्र' आणि पुढं एका माणसाचं नाव.

"फोटो काढनाऱ्याचं नाव?"

"हो. पुढच्या वर्षी जिल्ह्यातली जुनी ठिकाणं टाकायची आहेत. मी साहेबांना आपल्या पुलाचं सांगितलं. सतरा सप्टेंबरला लाईटिंग करणार आहेत ना त्याच्यावर? ते म्हणले, चांगला आला तर घेऊ."

सातकमानचा पूल निजामाच्या काळातला, काळ्या दगडाचा. दुधना नदीवर सात कमानी. शेजारी सरकारनं नवा रुंद पूल बांधल्यापासून जड गाड्या तिकडून जातात. जुन्यावरून जातात ती माणसं, सायकली, मोटारसायकली आणि गुरं. यंदा नगरपंचायतीनं ठरवलं होतं की मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं पंधरा, सोळा, सतरा असे तीन दिवस संध्याकाळी पुलाला दिवे लावायचे. कमानींच्या पोटात पिवळे, कठड्याला पांढऱ्या माळा. संपतला तो फोटो तेव्हाच दिसला. कमान वर अर्धी, पाण्यात अर्धी. दोन्ही मिळून गोल. काळ्या रात्रीत सात पिवळे गोल, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'संपत दाभाडे'.

"एकच अट आहे," सुमेधा म्हणाली. "पुलावर माणूस नको."

"माणूस नको? कामून?"

"गेल्या वर्षी एका शेतकऱ्याचा फोटो टाकला तर तो ऑफिसात येऊन बसला. म्हणे माझ्या तोंडावर तुमचं बी खपतंय, मला दरवर्षी फुकट द्या. नंतर दुसऱ्या गावची माणसं आली, त्याचाच का टाकला, आमच्यातला का नाही. साहेबांनी कानाला खडा लावलाय. तोंड दिसलं की फोटो बाद. आणि अठराच्या सकाळी दहाच्या आत पाहिजे, छापायला जातंय."

संपत हसला. तो हसला म्हणून कौसल्येनं चुलीपुढून मान वळवून बघितलं.

"माणसं घालवायचं तर लईच सोपं हाय," तो म्हणाला.

रात्रीचे फोटो कसे काढायचे ते त्यानं मोबाईलवर बघून ठेवलं होतं. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात चालता माणूस कॅमेऱ्यात उमटतच नाही, धुरासारखा विरून जातो. दगड उमटतो, दिवा उमटतो, पाणी तुपासारखं थिजलेलं दिसतं. सगळ्या गावानं पुलावरून येजा केली तरी फोटोत पूल रिकामा. फक्त माणसानं चालत राहिलं पाहिजे.

पंधरा तारखेला संपत साडेसहालाच नदीत उतरला. घाटाच्या खालच्या अंगाला खडकावर स्टँड रोवला, तिन्ही पायांना दगड लावले. सातला पुलावरचे दिवे लागले आणि तो कॅमेरा विसरून नुसता बघत बसला. मग भानावर येऊन त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. जुळवाजुळव करण्यात अर्धा तास गेला. थोडा अंधार अजून दाटू दे म्हणून तो थांबला, आणि शटर दाबणार तेवढ्यात सातही कमानी एकदम मालवल्या. पुन्हा लागल्या, लाल झाल्या, फडफडल्या, परत गेल्या.

"बद्रीऽऽ!" संपतनं खालून बोंब मारली.

बद्रीनाथ नगरपंचायतीचा वायरमन. तो कठड्यावरून वाकला. "काय करू मंग? शेतीची लाईट आली!"

"आली तर आली! ही कामून चालली?"

"गावातून वायर वढायला पुरली न्हाई. नदीकाठच्या शेतीच्या डीपीवरूनच घेतलंय कनेक्शन. आता थ्री-फेज आली की समद्या मोटरी एकदम उठत्यात ना. सगळ्याइनं ऑटो लावून ठिवलंय."

पंधरा दिवस पावसानं ओढ दिली होती. काठावरच्या प्रत्येक विहिरीवर मोटार, प्रत्येक मोटारीला लाईट येताच आपोआप सुरू करणारी ऑटोची पेटी. साडेसातला वीज आली की दोन्ही काठांवर शंभरभर मोटारी एका दमात घुमायला लागायच्या आणि पुलावरचे दिवे म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखे मिचमिच करायचे.

"मंग मला आधी सांगायचं व्हतं!"

"तू इचारलं व्हतं का?"

संपतनं तरी तीन फोटो काढले. एकात दोन कमानी, एकात पाच, एकात नुसता अंधार आणि बद्रीनाथची बॅटरी. घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. कौसल्या म्हणाली, "उद्या गावातल्या खांबावरून घ्यायला सांगा की. वायर आपल्या मांडवातली द्या." लग्नाच्या शूटिंगच्या दिव्यांसाठी संपतकडं वायरीचं मोठं भेंडोळं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि बद्रीनाथ उन्हात ती वायर खांबापासून पुलापर्यंत ओढत होते. बद्रीनाथ सारखा म्हणत होता, "लका, एका फोटोसाठी एवढं?" संपत भेंडोळं उलगडत पुढं जात होता.

सोळा तारखेला दिवे लागले ते लागलेच. साडेसात झाले, मोटारी घुमल्या, पण एकही कमान मिचकली नाही. संपतला वाटलं, झालं आपलं काम. पुलावर माणसं येत-जात होती, पोरं घेऊन दिवे बघायला आलेली. येऊ द्या. चालू द्या. त्यानं शटर दाबलं आणि सवयीनं मोजायला लागला, एक, दोन...

सात म्हणताना त्यानं वर बघितलं आणि मोजायचं सोडलं. पुलावरचा एकही माणूस हलत नव्हता.

पहिल्यांदा कुणीतरी त्याला बघितलं असणार. खडकावर स्टँड, त्याच्यामागं वाकलेला संपत. बघणारा थांबला, कठड्याला लागून सरळ उभा राहिला. त्याच्या मागचा थांबला. मोटारसायकलवाल्यानं गाडी बंद केली आणि हँडल धरून छाती पुढं काढली. मधल्या कमानीच्या बरोबर डोक्यावर मालनबाई उभी होती. मालनबाई पुलाच्या तोंडाशी भाजी विकायची. सत्तरीची, नऊवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. टोपली तिनं खाली ठेवली होती आणि हात मांड्यांना चिकटवून ती अशी उभी होती की वाऱ्यानं पदर हलला तेवढाच.

"अय!" संपत ओरडला. "थांबू नका! चाला!"

कुणी हललं नाही.

"मावशे! मालनमावशे! चालत राहा!"

मालनबाईनं ओठ न हलवता, दातांतून उत्तर दिलं, "आधी फोटू काढ, मंग चालते."

"तुझा फोटो न्हाई काढून राह्यलो मी! पुलाचा काढून राह्यलो!"

"मंग आमी पुलावरच तं हाव."

बाकीच्यांतला कुणीतरी हसला, तसा दुसऱ्यानं त्याला दटावलं, "हसू नको बे, तोंड फाटतं फोटोत."

संपत खडकांवरून धावत वर आला. पाय घसरला, गुडघा सोलला. वर येऊन त्यानं हात जोडून सांगितलं. हे बघा, हा येगळा फोटो आहे. ह्यात चालनारा माणूस दिसत न्हाई. थांबला की दिसतो. म्हणून चालत राहा.

मालनबाईनं पदर सारखा केला. "म्हंजी चालला तो दिसनार न्हाई?"

"न्हाई."

"आन् थांबला तो दिसनार?"

"बराबर."

"मंग मी कामून चालू? मला दिसायचंय."

संपतनं कपाळाला हात लावला. "मावशे, मला माणूसच नको त्याच्यात!"

आता मालनबाई खरंच चिडली. "इतक्या वर्साचं आमाला शिकिवलं, हलू नका, हलू नका. माझ्या लग्नाच्या पोरीला तू स्टुलावर बसवून रडिवलं व्हतं, डोळे मिचकावले म्हनून. तवा माणूस पाहिजे व्हता तुला. आता नको झाला व्हय?"

संपत परत खाली उतरला. त्यानं नऊपर्यंत चौदा फोटो काढले. प्रत्येक वेळी एक खेप निघून जायची आणि दुसरी येऊन खडकावरचा स्टँड बघून ताठ व्हायची. चौदाच्या चौदा फोटोंत पूल माणसांनी भरलेला, प्रत्येकाचं नाक-डोळं स्वच्छ. नऊला बद्रीनाथनं दिवे बंद केले.

सतरा तारीख शेवटची. सकाळी झेंडावंदन होतं आणि त्यानंतर सत्कार. संपतनं रात्रभर विचार करून एक मार्ग काढला होता. तो अण्णासाहेबांकडं गेला. अण्णासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. गावातला प्रत्येक कार्यक्रम त्यांच्या आवाजाशिवाय सुरू होत नाही आणि त्यांच्यामुळं वेळेवर संपत नाही.

"अण्णासाहेब, माइकवरून तेवढं सांगा. आज संध्याकाळी सात ते नऊ मी पुलाचा फोटो काढनार हाय. तवा पुलावर कुनी थांबू नका. तेवढंच. बस."

"सांगतो ना. बिलकुल सांगतो."

मग अण्णासाहेबांनी सांगितलं. पण दोन ओळीत एखादी गोष्ट सांगणं त्यांना जमलं असतं तर ते अण्णासाहेब कसले. संपत मंडपाच्या मागं उभा राहून ऐकत होता. "बंधू आणि भगिनींनो, आपल्या गावाचे कलावंत छायाचित्रकार श्रीयुत संपत दाभाडे यांच्या हातून आज सायंकाळी आपल्या ऐतिहासिक पुलाचे छायाचित्र घेतले जाणार असून, ते कॅलेंडरच्या माध्यमातून संपूर्ण जिल्ह्यात झळकणार आहे. तरी सर्व ग्रामस्थांनी त्यांना बहुमोल सहकार्य करावे!"

थांबू नका हे राहूनच गेलं.

संपत पुढं घुसायला निघाला, पण तोवर सत्काराच्या शाली सुरू झाल्या होत्या आणि अण्णासाहेबांनी माइक सोडला नव्हता. नंतर गाठलं तेव्हा ते म्हणाले, "सहकार्य म्हटलं की त्यात सगळं आलं, संपतराव."

संध्याकाळी काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. सहालाच पुलावर गर्दी. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. बायांनी गजरे माळले. एकानं नवी म्हैस आणली, तिच्या शिंगांना गेरू लावून. मालनबाईनं भाजीची टोपली घरी ठेवली होती आणि सुनेची हिरवी साडी नेसली होती. सगळ्यांनी कठड्याला लागून एक रांग धरली, उंच मागं, बुटके पुढं, जशी संपतच लग्नात लावायचा. मधोमध अण्णासाहेब, सकाळची शाल अजून खांद्यावर.

संपत खालच्या खडकावर बसून ते बघत होता. कौसल्या त्याच्यासाठी डबा घेऊन आली होती.

"जाऊ द्या ना," ती म्हणाली.

"काय जाऊ द्या? उद्या दहाच्या आत द्यायचाय. त्या सुमीनं साहेबापाशी शब्द टाकला माझ्यासाठी."

"मंग वरडा त्याइच्यावर. तुमचं ऐकत्यात सगळे."

"वरडण्यानंच तं हे झालंय!"

तरी तो ओरडला. घसा बसेस्तोवर ओरडला. चाला, फिरा, खाली उतरा, घरी जा. वरून आवाज आले, "संपतभाऊ, दमानं घ्या, आमाला घाई न्हाई." आठ वाजले. साडेआठला नव्या पुलावरून एक टेम्पो आला आणि जुन्या पुलाच्या तोंडाशी थांबला. दिव्यांचा ठेका जालन्याच्या माणसाकडं होता. त्याची पोरं दिवे उतरवायला आली होती. उद्या दुसरीकडं लावायचे होते. बद्रीनाथ धावत कठड्यापाशी आला. "संपत्या, पाच मिनटं सांगितली मी त्याइला. पाच! जल्दी कर!"

पाच मिनिटं म्हटल्यावर संपतनं बोट शटरवर ठेवलं. आणि तेवढ्यात ती गोष्ट झाली जिची तो तीन दिवस वाट बघत होता. टेम्पो बघायला पुलाच्या टोकाकडची माणसं वळली. म्हैस बुजली, तिचा मालक तिला ओढत निघाला. उभं राहून राहून पाय दुखले म्हणून मालनबाई एका पायावरून दुसऱ्यावर झाली, मग म्हणाली, "लई झालं बाई, चला घरी," आणि चालायला लागली. तिच्या मागं बाया निघाल्या. रांग सुटली. सगळा पूल सावकाश, झुलत, घराकडं चालायला लागला.

संपतनं शटर दाबलं. आता तीस सेकंद. फक्त तीस सेकंद अशीच चालत राहा. त्यानं श्वास धरला. त्याचा डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर नव्हता, पुलावर होता. आणि एकतीस वर्षं ज्या डोळ्यानं फोटोच्या ऐन वेळी हलणारा माणूस बघितला होता, त्या डोळ्याला पुलावर सगळी माणसं हलताना दिसली. विचार यायच्या आत तोंड उघडलं.

"हलू नका!"

दोन्ही काठांवर ते घुमलं. आणि सातकमान जिथल्या तिथं थांबलं. मालनबाई वळली, हात मांड्यांना लावले, हनुवटी बोटभर खाली घेतली. बाया थांबल्या. म्हशीच्या मालकानं म्हशीच्या तोंडावर हात ठेवला. टेम्पोतली जालन्याची पोरंसुद्धा माळेची टोकं हातात धरून थिजली. मोटारींची घरघर तेवढी चालू होती. उरलेले सत्तावीस सेकंद कुणी जागचं हललं नाही.

शटर मिटल्याचा आवाज झाला. लगेच पहिल्या कमानीचा दिवा उतरला, मग दुसऱ्या.

संपत खडकावर बसला. त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारली. अलंकारिक नाही, खरीच, चांगली आवाज होईल अशी. कौसल्येनं त्याचा हात धरला. "येडे झाले का?"

"मीच वरडलो," तो म्हणाला. "ते चालले व्हते, कौसे. चालले व्हते ते."

सकाळी त्यानं फोटो पाठवला, कारण पाठवायला दुसरं काही नव्हतं. अकराला सुमेधाचा फोन आला. "पप्पा, साहेब म्हणले फोटो लई भारी आहे. सगळ्या ऑफिसनं बघितला."

"मंग?"

"पण तोंडं मोजली त्यांनी. एकशे बारा. म्हणले, एकानं एवढा ताप दिला होता."

कॅलेंडर दिवाळीच्या आधी आलं. संपतनं बघितलं, पुलाच्या पानावर पूल होता. एकाच कमानीचा, लोखंडी, मागं बर्फाचे डोंगर. दुकानाच्या फळीवर त्यानं ते पालथं घालून ठेवलं.

तोवर दुसराच ताप सुरू झाला होता. मोबाईलवरून फोटो गावभर झाला होता, आणि जो तो दुकानात यायला लागला. प्रत्येकाला त्यातला फक्त आपण हवा होता. "मला तेवढं कापून मोठं करून दे." "मागचा पूल काढून टाक, निळा पडदा टाक." "म्हैस ठेव, पण हे शेजारचे काढ, आमचं बोलनं न्हाई त्याइच्याशी." अण्णासाहेब स्वतः आले. ऐन अर्ध्यावर त्यांनी शेजाऱ्याला काहीतरी समजावून सांगायला मान वळवली होती, त्यामुळं त्यांना दोन तोंडं उमटली होती. "ह्यातलं एक काढता येईल का, संपतराव?" संपत म्हणाला, "कोनतं?" अण्णासाहेब विचार करायला बाहेर जाऊन बसले.

सगळा फोटो, पुलासकट, पाण्यासकट, एकट्या मालनबाईनं मागितला. "काई कापू नको. सगळं गाव लावायचंय मला घरात." संपतनं पहिल्यांदा कुणाशी हुज्जत न घालता हो म्हटलं. त्यानं मोठा कागद घेतला, रात्री बसून रंग जुळवले, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, कॅलेंडरात बघितलं होतं तसंच, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'छायाचित्र: संपत दाभाडे'. फ्रेम तिनं बाजारातल्या काचवाल्याकडून करून घेतली.

आठ दिवसांनी खिळा ठोकायला तिनं त्यालाच बोलावलं. संपतनं फ्रेम हातात घेतली आणि आधी उजवा कोपरा बघितला. तिथं लाकडी पट्टी होती. काचवाल्यानं तयार फ्रेमीत बसावा म्हणून खालून दोन बोटं कागद कापला होता. पाण्यातली उलटी माणसं पण गळ्यापाशी संपली होती, आणि नाव तर गेलंच होतं.

त्यानं हातोडी खाली ठेवली.

"काय झालं?" मालनबाईनं विचारलं.

"न्हाई लावत. परत करून आनतो."

"अरं, दिसून राह्यलं ना सगळं! मी दिसते, मव्हा पदर दिसतो."

संपतनं ऐकलं नाही. फ्रेम काखेत मारून तो बाजारातून तरातरा गेला. काचवाल्याला असं काही बोलला की शेजारच्या दोन दुकानांतली माणसं बाहेर आली. दुकानात जाऊन फोटो पुन्हा छापून आणला, त्याला मोठी फ्रेम करायला लावली आणि ती होईस्तोवर पुढ्यात उभा राहिला. दिवे लागायच्या वेळेला तो मालनबाईच्या ओसरीवर परत आला, खिळा ठोकला, फ्रेम टांगली आणि बाजूला झाला. कोपरा शाबूत होता.

मालनबाई जवळ गेली. तिनं बोटानं एकेक माणूस ओळखला, कुणाचं कोण, भांडण कुणाशी. मग बोट खाली सरकत कोपऱ्यात आलं. तिला वाचता येत नव्हतं, पण घाण आहे की अक्षर एवढं कळत होतं. तिनं नखानं खरवडून बघितलं.

"हे काय लिव्हलंय?"

"माझं नाव."

"कामून?"

"फोटो मी काढला म्हनून."

मालनबाईनं डोळे बारीक केले, भिंतीला नाक लागेस्तोवर वाकली, मग मागं सरकून त्याच्याकडं असं बघितलं जसं गिऱ्हाइकानं किडकी वांगी परत आणल्यावर बघायची.

"एवढ्यासाठी दिसभर पळत व्हता? मला वाचता येत न्हाई ते सोड, ज्याला येतं त्याला तरी दिसनार हाय का हे? मुंगी मेल्यावानी लिव्हलंय. आमाला म्हनतो हलू नका, नीट दिसा, आन् सोता असा कोपऱ्यात दडून बसला व्हय?" तिनं खिळ्यावरून फ्रेम काढली आणि त्याच्या हातात दिली. "मोठं लिहून आन. पुलाएवढं."

संपत फ्रेम घेऊन पुन्हा बाजाराकडं निघाला. काचवाला फळ्या लावत होता. लांबून त्याला येताना बघून तो होता तिथंच थिजला, हातात फळी, हनुवटी बोटभर खाली.